चौदा अक्षरांत बसेल ते

१२ मार्च

संताप आला की माझं अक्षर सुधारतं, असं चारू म्हणायची. ती गेल्यापासून रागवायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून अक्षर बिघडलं होतं. आज बरं येतंय.

कारण मुग्धा. चिन्मयीची मुलगी, माझी नात. रामदासपेठेतल्या एका लहानशा कंपनीत नोकरीला आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तिथे फोनवरचं एक ॲप तयार होतंय, नाव ‘सोबत’. नाव ऐकून बरं वाटलं. पण मराठी तेवढं नावच, आत सगळं इंग्रजी. रोज सकाळी फोन विचारणार, मदत हवी का? हवी म्हटलं की कंपनीचा माणूस दारात. बाहेरगावी असलेल्या मुलांनाही तिकडे कळणार. कल्पना वाईट नाही. वाईट आहेत ती बटणं.

तिने दाखवली. एकावर ‘डिसमिस’. शाळेतला शिपाई डिसमिस होतो, म्हाताऱ्याने सकाळी उठून कुणाला डिसमिस करायचं? दुसऱ्यावर ‘गॉट इट’. तिसऱ्यावर ‘स्किप’. आणि काही बिघडलं की फोन म्हणतो ‘ऊप्स!’ छातीत कळ आलेल्या माणसाला फोन म्हणणार ऊप्स!

“म्हणूनच तर आले, आबा,” मुग्धा म्हणाली. “म्हाताऱ्या माणसांना पटकन कळेल असं इंग्रजी आमच्यात कुणाला लिहिता येत नाही. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत. बटणांचे शब्द तुम्ही द्याल का?”

मी अर्थातच नको म्हणालो. मला काय कळतं फोनमधलं, कुणी तरुण बघा. तिने परत विचारलं, मी परत नको म्हणालो. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. कागद माझ्यापुढे ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. मग काय करणार? घेतला.

जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, “आबा, उन्हाळाभर मी इथेच राहायला येऊ का? ऑफिस जवळ पडेल.”

म्हटलं, नको गं, तुझी कशाला ओढाताण.

तिचं घर धंतोलीत, ऑफिसच्या उशाशी. इथून ऑफिस जवळ कसं पडेल? आजकाल शाळेत भूगोल शिकवतच नाहीत.

१४ मार्च

कंपनीत जाऊन आलो. दाताच्या दवाखान्यावरची दोन खोल्यांची जागा. मालक ऋषी, वय माझ्या चष्म्याच्या डबीहून कमी असेल. बटणं करणारा तो अनिश. पोरगा सभ्य आहे, पण शब्दांकडे असा बघतो जसा हमाल पोत्याकडे बघतो. जड किती, मावेल का.

“सर, बटणात चौदा अक्षरंच मावतात,” तो म्हणाला. “मधली रिकामी जागाही त्यात धरायची.”

म्हटलं, “चौदा ओळींच्या कविता शिकवल्या मी. चौदा अक्षरांचं दुखणं पहिल्यांदाच ऐकतोय.”

माझा पहिला प्रस्ताव होता, ‘आय ॲम वेल, बाय गॉड्स ग्रेस’. तो बटणाबाहेर पडून बॅटरीच्या चिन्हापर्यंत गेला. मुग्धा खाली मान घालून हसत होती. दिसलं मला.

मग मी विचारलं की मुळात मराठी का नाही.

“काका, मराठी फेज टूमध्ये,” ऋषी म्हणाला. “पैसे भरणारी मुलं बाहेर आहेत. स्क्रीन त्यांनाही दिसते.”

“स्क्रीन त्यांना दिसते, पण अंगठा कुणाचा?”

यावर त्याने मला पाण्याची बाटली दिली.

खरं भांडण झालं ते मुख्य पानावर. ‘डू यू नीड हेल्प?’ असा प्रश्न आणि खाली अनिशने दोन बटणं ठेवली होती. लालभडक ‘हेल्प’ आणि राखाडी ‘ओके’. मी भडकलो. नदीत बुडणारा माणूस ओरडतो ती ‘हेल्प’. आमचा माणूस आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसलाय. त्याच्या हातात बुडणाऱ्याची आरोळी देता? आणि ती ओके! ओके हा शब्द आहे की ढेकर?

मी लिहून दिलं, ‘येस, प्लीज’. आणि त्याखाली, ‘नो, थँक यू’. दोन्ही चौदाच्या आत. मोजून घे म्हटलं.

अनिश म्हणाला, “सर, छान आहे, पण घाबरलेला माणूस एवढं वाचणार नाही.”

“घाबरलेल्या माणसालाच सभ्यतेचा आधार लागतो.”

हे वाक्य बोलताना सुचलं. चांगलं आहे, म्हणून इथे उतरवून ठेवतो.

१५ मार्च

सकाळपासून वर्ग आठवतोय. कुही, मौद्याकडून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं. ‘थँक यू’ म्हणताना त्यांची तोंडं चिमणीच्या पिलांसारखी व्हायची. खडू मागायचा तर ‘प्लीज’ म्हटल्याशिवाय मी खडू सोडत नसे. मराठीचे तासही माझ्याकडेच यायचे, कारण कविता चालीवर म्हणणारा दुसरा मास्तर नव्हता. पुस्तकातल्या कविता संपल्या की मी माझ्या घुसडत असे. पाहुण्यांवरची एक केली होती, त्यातल्या दोन ओळी:

दारी येई त्यास बसाया पाट द्यावा आधी,
पुसू नये ‘हवे का पाणी’, तांब्या द्यावा हाती.

साठ पोरं डुलत म्हणायची. कौलं हलायची. आता कुठे गेली ती पोरं आणि कुठे ते तांबे. ‘स्किप’, म्हणे.

डावा पाय पुन्हा सुजलाय, चपलेचा पट्टा रुततो. ऊन वाढलं की पाय सुजतातच.

१९ मार्च

बाबारावच्या फोनमध्ये ‘सोबत’ येऊन तीन दिवस झाले. कंपनीने तपासणीसाठी पाच म्हातारे निवडलेत, त्यातला एक तो. माझ्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एकटा राहतो. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. मूळचा कुहीकडचा, तिकडची धानाची शेती पुतण्या धर्मेंद्र बघतो. रोज संध्याकाळी बागेतल्या पिंपळाखालच्या बाकावर आम्ही दोघं बसतो आणि भांडतो. त्याला कविता कळत नाहीत, मला धरणं कळत नाहीत. त्यामुळे विषयांना तोटा नाही.

त्याचा मुलगा विक्रम बेंगळुरूला आहे. माझाच विद्यार्थी. त्याने बापाला अट घातलीय. हे ॲप उन्हाळाभर वापरा. मदत लागली तर लागू दे, पण ती वेळेवर पोचते हे मला दिसलं पाहिजे. दिसलं तर राहा नागपुरात. नाही दिसलं तर फ्लॅट विकायचा आणि माझ्याकडे यायचं.

“जाशील का रे?” मी विचारलं.

“मी कायले जातो? तिथं काय हाये? सुनबाईच्या बिल्डिंगमधे बाकबी लोखंडाचा हाये, साला, मानूस बसला तं चिकटून जाईन.” मग फोन माझ्यापुढे धरला. “हे पाय गा मास्तर. रोज सकाळी विचारून राहिलं मले, मदत पायजे काय म्हनून. आपल्या बापजन्मात कोनी असं विचारलं नाई.”

“मग तू काय दाबलंस?”

“नो, थँक्यू. एवढ्या अदबीनं विचारून राहिलं, तं आपनबी अदबीनंच नाई म्हनाव लागते ना.”

धन्य वाटलं. याला म्हणतात शब्दांची निवड.

२३ मार्च

विजय! ऋषीचा स्वतःहून फोन. “काका, झीरो अलर्ट्स! पाचही जण रोज न चुकता बटण दाबतात. सगळं हिरवं.” पाचातल्या पंचफुलाबाई तर दाबून झाल्यावर फोनला तोंडानेही थँक यू म्हणतात. मुग्धाला म्हणाल्या, “इतकं गोड माह्या सुनेनं नाई विचारलं वं कधी.” अनिशची जुनी बटणं असती तर या लोकांनी दोन दिवसांत फोन कोनाड्यात टाकला असता.

अनिश मात्र कुरकुरला. म्हणे, “सर, पाच म्हातारी माणसं आणि एकालाही कधी काही लागत नाही? मला हे जरा जास्तच हिरवं वाटतंय.”

मत्सर. दुसरं काय?

२७ मार्च

आज ‘स्किप’वरून पुन्हा जुंपली. औषध घ्यायची आठवण आली की खाली ‘स्किप’. दोरीवरच्या उड्या आहेत का? मी ‘लेटर, प्लीज’ सुचवलं. अनिश म्हणतो, प्लीज कशाला, फोनला काय वाटणार आहे? फोनला वाटत नाही म्हणून आपण उद्धट व्हायचं? देवळातल्या दगडालाही आपण पाय लावत नाही. फोनवर इतक्या तावातावाने बोललो की शेवटी धाप लागली, खुर्चीत बसावं लागलं.

बाबाराव बागेत नव्हता. फोन केला. “कूलरच्या गवताच्या ताट्या बदलून राहिलो होतो गा. थकलो. पाहू, येतो उद्या-परवा.”

“मी येऊ का तिकडे?”

“नाई, नाई. तू कायले येतं उन्हाचा?”

म्हणून नाही गेलो. दिवसभर ऊनही फार होतं.

रात्री मुग्धाचा फोन. “आबा, येऊ का मी राहायला? तुमचा आवाज थकलेला वाटतो.” म्हटलं, नको गं. मी अगदी ठणठणीत आहे.

२९ मार्च

उशीर झालाय, तरी लिहितो.

आज सकाळी बटणांची नवी यादी बाबारावला वाचून दाखवावी म्हणून गेलो. आपल्या विजयाला कुणीतरी श्रोता लागतो. घंटा वाजवली तर आतून आवाज, “किल्ली हाये ना तुह्यापाशी, उघड.” एकमेकांच्या किल्ल्या आम्ही ठेवतोच.

उघडलं. हॉलमध्ये खिडकीतला कूलर, खाली आडवं पडलेलं स्टूल, ताट्यांचं गवत सगळीकडे. आणि त्या गवतात, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बाबाराव. ओठ कोरडे. एक पाय नको तसा वळलेला. परवा ताट्या बदलताना पडला होता. माझ्याशी फोनवर बोलला तो तिथूनच, जमिनीवरूनच. सरपटत जाऊन पाण्याची बाटली तेवढी ओढून आणली होती. ती रिकामी पडली होती.

मला बघून काय म्हणाला असेल?

“ये मास्तर. बस. चहा घेतं काय?”

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, मी शिक्षक आहे. शेजाऱ्यांना बोलावलं, गाडी आली, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलंय. अंगातलं पाणी आटलंय. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस गेला असता तर मूत्रपिंडावर आलं असतं.

त्याचा फोन माझ्या खिशात राहिला. उघडून पाहिला. कालही सकाळी फोनने विचारलं होतं, आजही विचारलं होतं. दोन्ही दिवस त्या जमिनीवर बसून याने दाबलं होतं, ‘नो, थँक यू’.

३० मार्च

शस्त्रक्रिया झाली. बाबाराव शुद्धीवर आहे. मी त्याच्या अंगावर धावूनच गेलो.

“दोनदा विचारलं त्याने! दोनदा! येस म्हणायला काय झालं होतं तुला?”

तो छताकडे बघत हळू म्हणाला, “पयल्या विचारन्याले हो म्हनते काय गा कोनी? पंगतीत वाढपी येते, म्हनते बुंदी वाढू काय. आपन पत्रावळीवर हात धरतो. तो का ‘बरं’ म्हनून पुढं जाते? थांबते. म्हनते, घ्या ना भाऊ, एक डाव. मंग आपन घेतो. मले वाटलं, हेबी विचारन अजून एक डाव.” मग चादर ओढून घेत म्हणाला, “पन हा फोन जाते गा पुढं. थँक्यू म्हनते अन् निंगून जाते.”

तिथून तडक कंपनीत गेलो. तीन जिने चढलो, लिफ्ट बंद होती. माझी छाती भात्यासारखी चालली होती, मुग्धाने खुर्ची सरकवली ती मी नाकारली. अनिशला म्हणालो, “तुमच्या यंत्राला एवढं कळू नये?”

“सर,” तो अगदी हळू म्हणाला, “ते नो म्हणाले.”

“नो म्हणाले म्हणजे? नो म्हणणारच! पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायला तो काय हावरट आहे? तुम्हाला आईबापांनी पंगतीला कधी नेलंच नाही का? एक ‘नको’ ऐकलं की पाठ फिरवून चालू पडायचं, ही कुठली रीत?”

मुग्धा माझ्याकडे अशी काही टक लावून बघत होती की मला वाटलं माझ्या शर्टाला शाई लागलीय.

बाबारावने एक गोष्ट मात्र काढली नाही. त्या दिवशी फोनवर मीही त्याला विचारलं होतं, येऊ का म्हणून. त्याने काढली नाही, मग मी तरी कशाला काढू?

२ एप्रिल

विक्रम आला. माझ्या पाया पडला. तरीही त्याच्यावर चिडायला जागा होती, कारण पाया पडून झाल्यावर म्हणाला, “सर, फ्लॅटसाठी एकजण बघून जातोय उद्या. मी सांगितलं होतं बाबांना. मदत पोचली नाही.”

दवाखान्यातली खोली. बाबाराव उशाला टेकून बसलेला. त्याला बेंगळुरूला घेऊन जाणार, या कल्पनेने मला एवढं का लागावं कळेना. बागेतला बाक मला एकट्यालाही पुरतो. उलट ऐसपैस होईल.

मी म्हणालो, “विक्रम, त्यांना विचारलंस?”

“विचारतो ना.” तो वळला. “बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय का?”

“माहं काय बे,” बाबाराव म्हणाला. “तू म्हनशीन तसं.”

“बघा सर,” विक्रम म्हणाला. “त्यांचीही तयारी आहे.”

मग मात्र माझा तोल गेला. “विक्रम, उभा राहा!”

तो उभाच होता. आणखी ताठ झाला.

“पाहुण्यांची कविता होती आपल्या वर्गात. म्हण.”

“सर, इथे?”

“इथे.”

पन्नाशीला टेकलेला माणूस, गळ्यात कंपनीचा पट्टा. घसा खाकरून म्हणायला लागला. पहिल्या ओळीत अडखळला, चाल मात्र बरोबर लागली. दुसऱ्या ओळीला नर्स औषधाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. ‘पुसू नये हवे का पाणी, तांब्या द्यावा हाती.’

“आता परत विचार.”

“बाबा, खरं सांगा. राहायचंय का इथे?”

“तुह्या नोकरीचं पाय तू पयले. माह्यामागं नोको लागू.”

“परत.”

“सर, ते दोनदा नाही म्हणालेत.”

“हात धरलाय त्याने पत्रावळीवर! परत!”

विक्रम या वेळी विचारायला तोंड उघडून थांबला. पलंगाच्या कडेवर बसला. बापाच्या पायावरची चादर उगाच नीट केली. मग प्रश्न न करता म्हणाला, “बाबा, तुम्हाला नागपुरातच राहायचंय.”

बाबारावने तोंड भिंतीकडे केलं.

“मंग काय तं,” भिंतीला म्हणाला. “तिथं बाकावर कोनाशी भांडू मी?”

त्या खोलीत एसी फार होता. माझ्या डोळ्यांना एसी सोसत नाही, पाणी येतं. म्हणून मी बाहेर येऊन उभा राहिलो.

विक्रम मागोमाग आला. उद्याच्या माणसाला नको म्हणून कळवतो म्हणाला. धर्मेंद्र कुहीहून येऊन पाय बरा होईपर्यंत राहील. “पण सर, नंतर? धर्मेंद्रला शेती आहे. बाबा जन्मात मदत मागणार नाहीत. ते बटण बदला. या महिन्यात मला दिसू दे की त्यांनी बोलावलं आणि कुणी आलं. नाही तर मला नेल्याशिवाय इलाज नाही.”

म्हणजे आता सगळं चौदा अक्षरांवर आलं.

६ एप्रिल

तीन दिवस कंपनीत बैठक मारली. अनिशने सुचवलं, फोनने तीनदा विचारायचं. करून पाहिलं. पंचफुलाबाईंनी तिन्ही वेळा ‘नो, थँक यू’ दाबलं आणि चौथ्यांदा मुग्धाला विचारलं की हा फोन बहिरा आहे का. माणसाच्या आग्रहात डोळे असतात. यंत्राचा आग्रह म्हणजे नुसती भुणभुण.

ऋषीने ‘एसओएस’ सुचवलं. जहाज बुडतंय का? दुसरा एक म्हणाला ‘असिस्ट मी’. व्वा! सरकारी कचेरीत अर्ज टाकतोय जणू. मी एकेक शब्द फाडून काढत होतो आणि माझ्याकडे ठेवायला दुसरा नव्हता, म्हणून अधिकच चिडत होतो.

दुपारी मुग्धाने चहा पुढे ठेवला आणि मला बाबारावची हॉलमधली मूर्ती दिसली. गवतात बसलेला, हाड मोडलेलं, ओठाला कोरड. तोंडातून शब्द कोणता? ‘चहा घेतं काय?’

हा माणूस मागणार नाही. जमिनीवर पडला तरी यजमानच राहणार. मग त्याला मागायला का लावता? बोलवायला लावा!

फळ्यावर लिहिलं, ‘कम फॉर टी’.

ऋषी हसला. “काका, इमर्जन्सीच्या ॲपमध्ये चहा?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात अनिशच म्हणाला, “थांब. प्रश्नच काढून टाकू. मदत हवी का, विचारायचंच नाही. फक्त हे एक बटण. कधीही दाबा. दाबलं की कुणीतरी घरी जायचं. चहा प्यायचा आणि बघायचं.” मग मोजून म्हणाला, “बारा अक्षरं, सर. दोन शिल्लक.”

पोरगा तसा बरा आहे.

“आणि कुणी काहीच दाबलं नाही तर?” ऋषीने विचारलं.

“तर न विचारता जायचं,” मुग्धा म्हणाली. अनिशकडे बघत नव्हती ती. माझ्या पायाकडे बघत होती. मी पाय खुर्चीखाली घेतला.

माझं ‘नो, थँक यू’ स्क्रीनवरून गेलं. काढायला मीच सांगितलं, तरी तो अनिश ते इतक्या पटकन पुसेल असं वाटलं नव्हतं. किती देखणं बटण होतं ते.

९ एप्रिल

बाबाराव घरी आला. आज सकाळीच त्याने बटण दाबलं. कंपनीचा माणूस निघाला, जवळ राहणारा म्हणून माझ्या फोनवरही आलं. मी धावलो, म्हणजे मला जमेल तसा. वाटेत दोनदा थांबलो.

धर्मेंद्र दूध आणायला गेलेला. बाबाराव पलंगावर बसलेला, चेहरा दुखण्याने पिवळा, गोळ्यांचं पाकीट हात पोचणार नाही अशा फळीवर.

“मदत-बिदत नाई पायजे मले,” आधीच म्हणाला. “चहाले बोलावलं.”

“हो रे बाबा, चहालाच आलोय.”

“आला हायेस तं ते पाकीट दे.”

दिलं. कंपनीच्या माणसाने उशा नीट केल्या, डॉक्टरांना फोन लावला, वरून दोन कप चहा प्याला. त्यानंतर विक्रमचा फोन, स्पीकरवर. तिकडे त्याला सगळं दिसलं होतं. म्हणाला, “बाबा, फ्लॅटचं मी आता कुणाशी बोलत नाही.”

“काहून?” बाबाराव म्हणाला. “बोलत जा ना. भाव तं कळन.”

मग पलीकडे तोंड करून उगाच कूलरकडे बघत बसला.

१२ एप्रिल

तीव्र निषेध नोंदवण्यासाठी हे लिहितोय.

घरातली साखर संपली आहे, ती बरेच दिवस संपलेली आहे. दुकान कोपऱ्यावर आहे, पण पायात चप्पल जात नाही आणि उताणं झोपलं की श्वास अडतो, म्हणून दोन रात्री खुर्चीतच काढल्या. यात लिहिण्यासारखं काही नाही. उन्हाळा आहे.

सल्लागार म्हणून माझ्याही फोनमध्ये अनिशने ‘सोबत’ टाकून दिलंय. आज सकाळी मी ते बटण दाबलं. केवळ तपासणीसाठी. हिरवा रंग म्हाताऱ्या डोळ्यांना नीट दिसतो की नाही, शब्द मधोमध बसलाय की डावीकडे कललाय, हे जबाबदार माणसाने पाहायला नको? तेवढ्यापुरतं दाबलं. दाबल्यावर ‘सम वन इज कमिंग’ असं आलं. ते ‘सम वन’ मला पसंत नाही, त्याबद्दल अनिशशी बोलणार होतो.

तेवढ्यात दारात मुग्धा. कंपनीचा माणूस पाठवायचा सोडून स्वतः आली. मी म्हणालो, “अगं, तपासत होतो नुसता.”

“हो ना. चहाला आलेय.”

“साखर नाही.”

“आणलीय.”

चहा केला. माझ्यापुढे खाली जमिनीवर बसली आणि काही न बोलता माझा डावा पाय मांडीवर घेतला. बोटाने दाबून पाहिला, खड्डा पडला, तो भरेना. तिने फोन काढून हृदयाच्या डॉक्टरांची आज संध्याकाळचीच वेळ घेतली. मी म्हणत होतो नको, नको गं, एवढं काही नाही. निदान तीनदा तरी म्हणालो. तिचं लक्षच नव्हतं.

मग बाहेर गेली आणि जिन्यातून एक बॅग आत आणली. मोठी, चाकांची. चारूच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला, तिचे कपडे लावले, उशीला नवा अभ्रा घातला. जन्मभर मी या घरात कुणाला काय हवं-नको ते विचारत आलो. आणि ही कालची पोर उन्हाळाभर राहायला आली.

विचारलंसुद्धा नाही.